तक्रारवही

सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नव्हतं,
म्हणून वही माझ्याकडे आली,
सुतळीला बांधलेल्या बॉलपेनासकट.

कुर्टीच्या हाउसिंग बोर्डात आम्ही एकशे बारा घरं.
सी-चौदा लिहितात: कचऱ्याची गाडी ओला नेते, सुका विसरते.
ए-तीनच्या आवेलिनाबाई: रस्त्यावरचा दिवा
दिवसा पेटतो, रात्री रजेवर असतो.
बी-नऊ: वरच्या भाडेकरूंचा मिक्सर, पहाटे पाचला.
खाली वेगळ्या अक्षरात: आमच्याकडे मिक्सरच नाही.

पाण्याबद्दल मात्र एकोणीस वर्षांत नोंदी तीन.
साडेचारला शाबा गावडेची सायकल कुंपणाला टेकायची.
लोखंडी चावी खड्ड्यात उतरायची
आणि आटे सुटायचे, करकरत:
ए लाइनला बारा, बीला साडेनऊ,
सी उतारावर, तिला सात पुरेत.
आम्ही अर्धवट झोपेत मोजायचो.
टाकीत धार पडली की कूस बदलायचो.
तो माणूस दिसतो कसा, हे मला
त्याच्या निरोपसमारंभात कळलं.

मार्चमध्ये तो रिटायर झाला. नारळ दिला, शाल दिली.
चावी त्यानं ऑफिसात जमा केली, पावती घेऊन.

मे महिन्यात एका रात्रीत हॉटमिक्स आलं.
रस्ता असा की मुलं त्यावर नुसतीच लोळली.
पंचानं नारळ फोडला, फोटो निघाला,
आणि दुसऱ्या पहाटे
नवा मुलगा नितेश, हातात चावी, दुसऱ्या हातात मोबाइल,
काळ्याभोर डांबरावर गोल गोल फिरत राहिला.
व्हॉल्व्ह खाली होते. बंद.

एका दिवसात चौतीस नोंदी. बॉलपेन संपलं.
टँकर आला तेव्हा बी-नऊ आणि वरचे भाडेकरू
एकच पाइप धरून उभे होते, न बोलता.

चौथ्या दिवशी मी पायलट केला, बेतकी गाठली.
शाबा मागच्या दारी सुपाऱ्या सोलत होता.
"चार दीस?" एवढंच म्हणाला, आणि हात धुतले.
येताना एका मोटारसायकलवर तिघं, हेल्मेट एक,
म्हणून आतल्या रस्त्यानं आलो.
वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी हेही केलं.

कॉलनीत पोचल्यावर त्यानं चपला काढल्या.
डांबर तापलेलं. तो अनवाणी चालू लागला.
"हांगा सिक्वेराचो काजू."
काजू नव्हता. तिथं दोन स्कूटर होत्या.
काजूपासून अकरा पावलं वकील केरकरांच्या फाटकाकडे.
केरकर जाऊन सहा वर्षं झाली, फाटक आता रिमोटवर सरकतं.
"हांगा भुरग्यांचो गोल."
गोल म्हणजे दोन चिरे. चिऱ्यांमधून चेंडू मारणारी मुलं
आता दुबईहून आयांना विचारत होती, पाणी आलं का.

मग त्यानं टाच आपटली.
पुन्हा.
तिसऱ्यांदा आवाज पोकळ आला,
किंवा त्यानं मान हलवली म्हणून आम्हाला तसा वाटला.
"हांगा खण रे."

नळ आधी खोकले. मग तांबडं आलं, मग पाणी.
भांडी लावण्याच्या घाईत
शाबा कधी गेला ते कुणी पाहिलं नाही.
पायलटचे पैसे कुणी द्यायचे
यावर झालेला वाद पान एक्याऐंशीवर आहे.

त्या रात्री वहीच्या शेवटच्या पानावर मी नकाशा काढला:
काजू, दोन चिरे, केरकरांचं जुनं फाटक,
बसम्मा इस्त्रीचं टेबल लावायची ते वळण.
मध्ये पावलांचे आकडे. पावलं शाबाची;
त्याच्या अकराची माझी चौदा होतात.

नितेशला दाखवला. त्यानं तो आडवा धरला, उभा धरला,
खिडकीतून बाहेर पाहिलं.
"बाय, यातलें हांगा कांयच ना."

चपला काढ, मी म्हटलं.