वापरलेली तार

मारिन्या ग्रांदमधे, रात्रपाळीला,
इदालिना पिंप रिकामं करते.
शिवणदोऱ्याइतकी पितळी तार,
पोलादाला न शिवता
ठिणगीभर अंतरावरून ते कापत गेलेली,
एकदाच.
दुसऱ्यांदा तिला कुणी विचारत नाही.

पिंप उतू जाऊन मशीनच्या अंगाला टेकलं
की ठिणगी मरते; म्हणून
मशीन थांबवायचं आणि हा गुंता
कवेत उचलायचा, तोंड फिरवून.
चावतो तो, हातमोजे असले तरी.

शुक्रवारी अदेरितू भंगारवाला येतो,
काटा लावतो, भाव पाडतो.
आज तिने हुज्जत घातली नाही.

घरी मोज्यात एक तुकडा सापडतो.
दिव्याखाली धरते:
एकाच बाजूने झिजलाय.
जिभेला लावून बघते, उगीच.
नाण्याची चव.