अर्धी अनामिका

मालपिकाच्या धक्क्यावर एकोणतीस वर्षं
फाटकी जाळी पायाच्या अंगठ्यात ताणून बसते मी.
डोळा, गाठ. डोळा, गाठ.
या हिवाळ्यात उजवा हात रात्रीचा मरायला लागला.
तीनला उठून पलंगाच्या काठावर
ओल्या फडक्यासारखा झटकायचा.
सूसो झोपेतच विचारतो,
कुणाला हात करतेयस?

ब्राइसची खोली मासळी-लिलावाच्या वर.
पोरगा अठ्ठाविशीचा,
हात मात्र भट्टीवरच्या माणसासारखे गरम.
टाचणी घेऊन बोटांच्या दारोदार फिरला.
अंगठा, तर्जनी, मधलं : घरात कुणी नाही.
करंगळी : आहे.
अनामिका?
या कडेला आहे, त्या कडेला नाही.

"दोन नसांनी वाटून घेतलंय हे बोट," म्हणाला.
आमच्या बटाट्याच्या शेतासारखं, मी म्हटलं,
भावाने बांध असाच नेमका मधून घातला.

मग दोन्ही अंगठे मनगटाशी रोवून
त्याने तळहात बाहेर बाहेर उलगडला,
खारलेलं कातडं मऊ करतात तसा, सावकाश.
माझा दंड लांब, मनगट मागे,
मान एकदा खिडकीकडे, एकदा भिंतीकडे.
"नस ओढायची नाही, दोसिंदा. सरकवायची.
इकडून सैल सोडशील तेव्हाच तिकडून घे."

हे तू मला शिकवतोस?
ओल्या गाठीला हिसके देणारी बाई
शेवटी सुरी मागते.

सुरी म्हटल्यावर तो जरा थांबला.
"ती आहेच," म्हणाला. "आत्ता नको."

चौथ्या आठवड्यात त्याचाच अंगठा कट्‌ वाजला.
मी ऐकलं. त्याने हात खिशात घातला.
आण इकडे.
बूड सुजलेलं, कढत.
आज किती जणी झाल्या?
"अकरा."
सगळ्या जाळ्यावरच्या?
"एक शिंपल्यांची."

माझ्या बधिर बोटांना त्याचं दुखणं दिसेना,
म्हणून करंगळीने चाचपलं,
आणि त्या अर्ध्या अनामिकेने, आपल्या बाजूच्या.
खाली फावड्याने बर्फ ओढत होते.
दोघंही बोललो नाही.
पैसे त्याने पूर्ण घेतले, ते बरं केलं.

रात्री अजून उठते. रोज नाही.
काल सुईचं टोक तर्जनीला गार लागलं.
कुणाला सांगितलं नाही.
सार्डिनचं जाळं येऊन पडलं होतं,
माणूस उभा जाईल एवढं भोक,
आणि पहाटेपर्यंत हवं होतं त्यांना.