एक फोटो मोठा आहे

कास्त्रोच्या कचेरीचा नियम : प्रत्येक फोटो दोन मेगाबाइटच्या आत.
त्याखाली ठळक अक्षरांत : दर्जा कमी होता कामा नये.
म्हणजे बटाट्याचं पोतं अर्धं करा,
पण एकही बटाटा काढू नका.

आचाओच्या शाळेचं वाचनालय. शनिवार दुपार.
शेगडीच्या कडेला माझे ओले मोजे
आणि पडद्यावर तीनशे बारा फोटो,
म्हाताऱ्या बाउदिलियोने आयुष्यभरात बांधलेल्या होड्यांचे.
पेनड्राइव्ह देताना एदुविना म्हणाली होती,
"पुसट करू नकोस हं, नेलिदा.
बाबांचे जोड दिसले पाहिजेत,
फळी फळीला कुठे भेटते ते."

पहिलं सॉफ्टवेअर विकतचं, चौदा दिवस फुकट.
बटण दाबलं आणि फोटो मुठीत मावेल एवढा झाला.
मी चारशे टक्के मोठा करून पाहिला :
होडीमागे चर्चची भिंत, तिच्यावरचे लाकडी खवले
एकमेकांत विरघळलेले,
मासा जास्त शिजल्यावर होतो तसे.

दुसरं फुकटचं.
त्याने आभाळाला पायऱ्या पाडल्या.
आमचं आभाळ राखाडी असतं, कबूल,
पण ते एका राखाडीतून दुसऱ्या राखाडीत
कुणाला पत्ता लागू न देता जातं.

तिसऱ्याला चेहराच नव्हता.
काळी चौकट, पांढरी अक्षरं,
कमी बोलणाऱ्या शिंप्यासारखं.
कापणं वेगळं, घडी घालणं वेगळं, हे त्याला ठाऊक होतं.
"पिक्सेल जसेच्या तसे. बचत एकोणीस टक्के."
मी घडी उलगडून पाहिली :
डांबराचा थेंब, खिळ्याचं डोकं, सुरकुती,
सगळं जागच्या जागी.

मग ते विचारायचं, दर फोटोला :
अनावश्यक माहिती काढून टाकू?
तारीख, कॅमेऱ्याचं नाव, आत दडलेली लघुप्रतिमा.
हो, म्हटलं मी. हो. हो.
दोनशे सहा वेळा हो.

दोनशे सातव्याला कोण जाणे का,
टाकण्याआधी देठं पुन्हा एकदा चाळावीत
तसं आत डोकावले.

फोटो असा : भरती, किनारा, नवी होडी पाण्याच्या तोंडाशी,
बाउदिलियोचा हात नाळेच्या फळीवर, तो हसतोय.
डावीकडून फोटो जरा आखूड.
लघुप्रतिमा मात्र नखाएवढी आणि आखूड होण्याआधीची.
तिच्यात डावीकडे पिवळा रेनकोट घातलेला एकजण,
त्याच फळीवर त्याचाही हात.

लिसान्द्रो.
धाकटा. सॅमन कंपनीच्या पिंजऱ्यांवर नोकरीला गेला,
त्या दिवसापासून त्या घरात ताटं मोजून मांडतात
आणि आकडा कुणी मोठ्याने म्हणत नाही.

कापणाऱ्याला वाटलं असेल, झालं काम.
कोणी कापलं, बापाने की बहिणीने,
ते फाइलीत लिहिलेलं नसतं.
तारीख असते, वेळ असते,
कात्रीचं नाव नसतं.

हिशेब साधा होता.
तो नखाएवढा तुकडा काढला तर फोटो नियमात बसतो.
ठेवला तर नऊ किलोबाइट जास्त.
मी कचेरीला विचारलं, नऊच किलोबाइट, चालतील का?
सोमवारी उत्तर आलं, बाईंचं, सहीशिक्क्यासकट :
मर्यादा ती मर्यादा.

पटवायला गेले असते तर पटलंही असतं.
दिसणारा फोटो तर तोच राहणार होता,
एकही पिक्सेल न हलता.
दर्जाला धक्का नाही.
नियमाचं दुसरं वाक्यही पाळलं गेलं असतं.

तीनशे अकरा पाठवले.

बुधवारी एदुविना पेनड्राइव्ह न्यायला आली,
हातात अंड्यांची टोपली, बुटांना चिखल.
"सगळे गेले?"
"एक राहिला," मी म्हटलं. "मोठा आहे."

कोणता, ते तिने विचारलं नाही.
टोपलीतली अंडी मोजली,
आणि एक जास्तीचं ठेवून गेली.