मागं अंधार का?

सकाळचे सव्वाअकरा. डिकीत बेचाळीस डबे.
सहकारनगरच्या उतारावर गाडी उभी,
इंजिन चालू, ब्रेकवर पाय,
आणि गिअरचा दांडा ‘पी’मध्ये रुतलेला
कोरड्या वाफ्यातल्या मुळ्यासारखा.
ओढला. गोंजारला. दोन्ही हातांनी ओढला.
अंगठ्याखालचं बटण दगड झालं होतं.

डबे शेवटी रिक्षाने गेले. आमटी सांडली.
कर्वेनगरच्या पोरींनी दोन दिवस ऐकवलं.

दुपारी नाना पेठेतून नजीर आतार आला,
स्कूटरच्या हुकाला पिशवी, पिशवीत टेस्टलॅम्प:
एक बल्ब, एक सुई, एक चिमटा, हातभर वायर.
गिअरला त्याने हातसुद्धा लावला नाही.
गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.
“ताई, ब्रेक दाबा.”
“दाबलाय.”
“दाबा की.”
“अहो, दाबलाय!”
“मग मागं अंधार का?”

तेव्हा मला तो राजाराम पुलावरचा आठवला,
हेल्मेट आरशाला अडकवलेला,
काचेवर टकटक करून विचारणारा,
“बाई, ब्रेक लावता, की नुसता मनात म्हणता?”
मीही सोडला नव्हता त्याला.
“अंतर ठेवायला शिकवलं नाही का कोणी?”
आता कुठे शोधू त्याला,
कोणत्या सिग्नलला सांगू की तुमचं बरोबर होतं.

नजीरभाई पाय बाहेर सोडून आडवा झाला,
डोकं पेडलखाली. आवाज आडातून आल्यासारखा:
“फ्यूज चांगलाय. दोन्ही अंगांना उजेड येतो.
स्विचपर्यंत करंट आहे.
स्विचच्या पुढं काही नाही.”
“आणि गिअर?”
“गिअरला काय झालंय? त्याला खबर नाही, एवढंच.
तुम्ही पाय ठेवला, हे या बोटभर स्विचनं सांगायचं.
मागच्याला सांगायचं, गिअरलाही सांगायचं.
याची वाचा गेली.
मग तो म्हणतो, पुरावा दाखवा, मगच हलतो.”

त्याने प्लग उपसला,
दोन भोकांत वायरीचा तुकडा खुपसला.
मागची भिंत लाल झाली.
आणि दांड्याच्या पोटात कुठेतरी टक् झालं,
चिमणीने दाणा उचलावा एवढंच.

खरं तर हे आधी कळायला हवं होतं.
कुमुद होती तेव्हा दर सोमवारी
डबे चढवून झाले की ती मागे उभी राहायची,
मी पाय दाबायचे, ती ओरडायची,
“लागला! गेला! लागला!”
सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं.
दिवाळीच्या हिशेबावरून ती गेली.
साडेचार हजार रुपये, आणि माझा एक शब्द.
त्या शब्दाच्या आधी मी थांबले होते, कुमुद.
शपथेवर सांगते, पूर्ण पाय दाबला होता.
तुला मागून काहीच दिसलं नसणार.

स्विच तीनशे दहा, मजुरी दोनशे.
चहा घेतला, बिस्कीट नको म्हणाला.
जाताना दांड्याशेजारचं छोटं झाकण
नखाने उचकटून दाखवलं:
“पुन्हा अडकलंच, तर इथं चावी घाला, दाबा.
दांडा सुटेल. गाडी जाईल कुठंही.
पण त्यानं मागचा दिवा लागत नाही, हां.
तसं चालवत बसू नका.”

रात्री पार्किंगमध्ये गाडी रिव्हर्स घेतली,
भिंतीपासून हातभर अंतर ठेवून.
पाय दाबला. सोडला. दाबला.
चुन्यावर लाल, काळं, लाल.
आरशात बघत बसले किती वेळ.
वॉचमन भागुजी कोकरे खुर्चीतून उठला,
टॉर्च घेऊन मागे गेला,
वाकून नीट बघून म्हणाला,
“लागतोय, बाई. दोन्हीकडचा लागतोय.
कोणाला दाखवायचाय का?”