चार घरं

रविवारचा पेपर आमच्याकडे सोमवारी येतो,
तिरोड्याच्या एस.टी.त, ड्रायव्हरच्या शेजारी बसून.
बातम्या तोवर शिळ्या. कोडं शिळं होत नाही,
म्हणतो हौसलाल रहांगडाले,
मोटार वाइंडिंगवाला,
आणि व्हार्निशच्या बोटांनी तेवढंच पान फाडून घेतो.

वर छापलेलं असतं : खेळ आणि छंद विशेष.
उन्हाळी धानाचे दिवस, व्होल्टेज कमी,
दारात पाच जळक्या मोटारी
आणि त्यांचे पाच मालक.
तो म्हणतो, थांबा बे, आडवं एक पाहू द्या.

‘ल-च्या मागे उजळ पोरगी, चेंडू लागला की ढासळते.’
तीन घरं.
मी म्हटलं, सिनेमा असेल.
तो म्हणाला, वाचू नको, उकल.
जळकी कॉइल उकलतोस ना,
किती वेढे, कोणत्या बाजूनं, मोजत मोजत,
तसं.
ल. गोरी.
आणि शाळेमागचा तो ओला रबरी चेंडू
माझ्या पाठीत पुन्हा एकदा बसला.

तेव्हापासून मला शब्द सरळ दिसत नाहीत.
पतंग म्हटलं की आधी एक प दिसतो, तंग झालेला.
गावच्या शंकरपटात जोड्या सुटल्या,
सगळे ओरडत होते,
मी एकटा बघत उभा
की भोळ्या देवाचं वस्त्र
बैलांमागे कुठवर फाटत जातं.

‘खोकल्यातली कला गेली, असं दोनदा.’
याला अख्खा मंगळवार लागला.
टेंभरे बुढा मोटारीसाठी बसून बसून खोकत होता.
हौसलालनं पाना खाली ठेवला.
पुन्हा खोक, म्हणाला.
बुढा खोकला.
आता अर्धाच खोक.
‘खो,’ म्हणाला बुढा, घाबरून,
‘खो.’
त्या मोटारीचे पैसे घेतले नाहीत.

‘रामाच्या भावाची नोकरी, सुईच्या टोकावर.’ पाच घरं.
लक्ष्मण बसेना.
भरत बसला, पण दोन घरं उरली.
पादुका? मी विचारलं.
मोज ना बे, तीन होतात.
मीटरवर देवकनबाईनं भरलेला रुमाल,
दोन पोपट, एकाच्या चोचीत मिरची,
दोन दिवस आमच्याकडे बघत होते.

गेल्या पोळ्याच्या आधी मी स्वतः एक रचलं.
बिलबुकाच्या मागे, कार्बन लागलेल्या पानावर :
‘छंदाला तांबडं फुटलं.’ चार घरं.

तो बसला.
पहाट लिहून खोडली. गुलाल लिहून खोडला.
‘खेळ हाय का?’
नाही.
‘गाव?’
नाही. माणूस.
‘वळखीचा?’
थोडासा.
असे तीन दिवस.
कटऱ्यांची मोटार त्याच नादात उलटी गुंडाळली गेली,
कटरे बांधावरून शिव्या देत आले,
त्यांनाही कोडं दाखवलं.
तेही खाली बसले.

चौथ्या दिवशी देवकनबाई डबा घेऊन आली.
कागद उचलला, उभ्या उभ्या वाचला.
पदर तोंडाशी गेला.
‘मले समजलं.’
‘मंग सांग ना!’
‘तेच तं सांगता येत नाही,’ ती म्हणाली.
‘लग्नात एकदा घेतलं होतं, तेवढंच.’
आणि रस्सा सांडेल इतक्या घाईनं डबा ठेवून
उन्हात निघून गेली.

कटरे म्हणाले, काहून गेली?
हौसलाल कागदाकडे बघत राहिला.
त्याच्या तोंडाआधी कानांना कळलं :
नुकत्याच सोडलेल्या रिळावरच्या
तांब्यासारखे,
दोन्ही.