चिंधी

वडगावात माग थांबले की कळतं,
लाइट गेली.
मग बुडबुडेही थांबतात,
आणि मी लोटीनं पाणी उचलतो, वरून सोडतो,
उचलतो, सोडतो.

गोल्डफिशची पिल्लं. काल एकसष्ट, आज त्रेपन्न.
नुसते डोळेच; अंग यायचंय अजून.
आईबाप पलीकडच्या टाकीत,
गिळतील म्हणून.

नीलव्वा दारातून, "एवढं कशाला करालास रे,
मीनच की ती!"
तिच्याच मागावरची चिंधी मागून आणलेली.
तिच्यातून अंड्यातलं पिवळं गाळतो, मुगाएवढं,
रोज सकाळी, माग सुरू होताना.
जास्त झालं की पाणी नासतं.

आत्ता लाइट आली.
काच थरथरली,
आणि पिल्लं सगळी वर.
खडखडाट म्हणजे जेवण.

दुपारचे तीन.
चिंधी वाळत होती,
पुन्हा भिजवली.