साखरदाणी

सर लँबर्ट गेले तेव्हा मी भट्टीपाशी होते,
कोपरापर्यंत पीठ.
घंटा वाजली, तरी आधी पाव काढला;
करपलेला त्यांना चालत नसे.

आठ वर्षं ह्या घरात साखर आली नाही.
लंडनहून परतले एकदा सप्टेंबरात,
चिखलाच्या बुटांनिशी थेट स्वयंपाकघरात,
चांदीची साखरदाणी उचलून म्हणाले,
"डॉर्कस, ह्यात माणसं आहेत."
मी खुळी, वाकून बघितलं आत.

मग सगळीकडे मध. चहात मध, केकमध्ये मध.
"साखरेचं खाणार त्याला देव देणार,"
बिशपसाहेब हसत म्हणाले,
त्यांनाही मधच.

रात्री जिन्यात येरझाऱ्या, भाषणाची घोकणी.
जहाजाच्या पोटात एकेका माणसाला
सोळा इंच जागा.
मी खाली कणकेवर वितीने मोजली.
माझी पाव भाजायची पाटी त्याहून रुंद.

ठराव पडायचा. दर साली पडायचा.
ते यायचे, ओल्या कोटातच बसून राहायचे,
आणि सकाळी उठून पुन्हा दौत मागायचे.
हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खोटं कशाला बोलू.

आणि हेही पाहिलंय:
विदरलीचं गायरान त्यांच्याच कुंपणात गेलं.
त्यालाही पार्लमेंटचाच कायदा लागला,
तो मात्र पहिल्या खेपेला पास झाला.
माझ्या भावाची, एबेनची, एक गाय, अकरा बदकं.
सकाळी दावं सोडलं तर समोर
काटेरी रोपांची कोवळी रांग, गुडघ्याएवढी,
गायीला ओलांडता येईल अशी.
एबेनला नाही.
तो नॉरिचला विणकराकडे गेला.
तिथून पुढचं मला ठाऊक नाही.

एकदाच बोलले मी, चहा ठेवताना.
"धनी, एबेनला किती इंच?"
ढवळता चमचा थांबला.
बाहेर कुणीतरी घोड्याला पाणी दाखवत होतं.
"ती गोष्ट वेगळी, डॉर्कस," म्हणाले,
आणि कप भरलेलाच राहिला.
पुढच्या आठवड्यात मला लोकरीची शाल आली, हिरवी.
अजून घडी मोडली नाही.

आज वरच्या दिवाणखान्यात काळे हातमोजे, शेरीचे पेले.
पुतणे विचारत खाली आले,
ती चांदीची साखरदाणी कुठंय?
हरवली, म्हटलं.

फडताळात आहे. माझी बटणं असतात तिच्यात.
माणसं काढल्यावर
बरीच जागा निघाली आत.